पंचवीस एमबीतला दादा

वहिनींचं पत्र आलं तेव्हा मी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, आणि घडी घालून शब्दकोशात ठेवून दिलं. शब्दकोश मी रोज उघडतो. पत्र त्यात गेल्यापासून मात्र एखादा शब्द अडला तर तो अडलेलाच बरा, असं मला वाटू लागलं.

पत्र लहानसंच होतं. वहिनींनी लिहिलं होतं: “भावजी, सप्रेम नमस्कार. तुम्ही पाठवलेली फिल्म मुलीने कॉम्प्युटरवर लावून दाखवली. ह्यांचा चेहरा छान आला आहे. पण बोलतात ते दिसत नाही. हात धुरासारखे दिसतात. शेवटी चहाचा कप खाली ठेवून ते बरंच काही बोलतात. सुरुवातीला माझं नाव घेतलं एवढं ओळखलं, पुढचं कळत नाही. मुलगी सांगते की तेव्हा मागून तुमचा आवाज येतो, ‘हो, हो, कळलं.’ तेव्हा तुम्हाला कळलं असणार. काय म्हणाले ते लिहून पाठवा. घाई नाही, पण विसरू नका.”

मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर निदान झोप तरी आली असती.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, लहानपणच्या तापात बहिरा झाला. वहिनी जन्मापासूनच तशा. दोघं हातांनी बोलत. बोलत म्हणजे काय, भांडतसुद्धा हातांनीच, आणि भांडण रंगात आलं की वहिनी सरळ पाठ फिरवत. मग दादाला वळसा घालून त्यांच्या समोर जावं लागे, की त्या पुन्हा वळत. आम्ही बघणारे हसून बेजार व्हायचो. फोनचा वहिनींना उपयोग नाही आणि मोबाइलवरचे दोन-दोन ओळींचे निरोप त्यांना आवडत नाहीत. बोलायचं तर हातांनी, नाही तर शाईनं, असं त्यांचं आहे.

त्या दोघांची बोटांची भाषा थोडी वहिनींच्या शाळेतली होती, थोडी आमच्या आईनं घरात रचलेली, आणि उरलेली त्या दोघांनीच संसारात वाढवलेली. त्यात प्रत्येक माणसाला खुणेचं नाव असे. कानाची पाळी चिमटीत धरली की वहिनी. माझ्या मुलीचे पुढचे दात लहानपणी मोठे होते, म्हणून दादा दोन हात तोंडाशी नेऊन काहीतरी कुरतडल्यासारखं करी. खार. त्यावरून आम्हीही तिला खारूच म्हणू लागलो. माझंही एखादं नाव असणार. मी कधी विचारलं नाही. चष्म्याची खूण असेल असं धरून चाललो होतो.

मी ती भाषा शिकलो नाही. का शिकलो नाही याचं बरं म्हणावं असं उत्तर माझ्यापाशी नाही. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक होतो. छापील अक्षर सोडून दुसरं काही नीट वाचता येईल, असा मला स्वतःबद्दल कधी भरवसाच वाटला नाही. दादाशी बोलायचं तर मी कागद पुढे करायचो आणि तो लिहायचा. एकदा त्याच्या चिठ्ठीतल्या चुका मी निव्वळ सवयीनं पेन्सिलीनं दुरुस्त केल्या आणि चिठ्ठी त्याला परत दिली. त्यानं ती बराच वेळ बघितली, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारली. स्टूल स्थिर झालं. त्यानंतर तो माझ्यासाठी फारसं लिहीत नसे. हातांनी बोलायचा आणि मी मान हलवायचो. मान हलवायला काही लागत नाही. समोरचा खूश होतो, निदान माझी तशी समजूत होती.

दादा वेताच्या खुर्च्या विणायचा. रस्त्यालगतची एक खोली, दारात वेत भिजत घातलेलं घमेलं, भिंतीला बैठका फाटलेल्या खुर्च्यांची रांग. खारूनं मला तिचा जुना मोबाइल दिला तेव्हा मी त्याच्याकडे सलग तीन दुपारी गेलो आणि मोबाइल पुस्तकांच्या चवडीला टेकवून त्याचं काम टिपलं. चौकटीच्या भोकांतून वेत ओढायचा, सैल पडू नये म्हणून लाकडी खुंटी ठोकायची, पुढचा पदर आधीच्या पदरांखालून काढायचा. आठकोनी भोकांची जाळी हळूहळू भरत जायची. ओल्या वेताची करकर आणि खुंटीची टकटक मला इतकी आवडली की मी मोबाइल आणखी जवळ सरकवला. दादानं मोबाइलकडे बघून भुवया उडवल्या. त्या वर्षाच्या अखेरीला तो गेला. झोपेतच गेला.

फिल्म वहिनींना पाठवायची असं मी ठरवलं. खारूनं तिच्या कॉम्प्युटरवर मला कापायचं आणि जोडायचं शिकवलं होतं, बाकीचं मी वाचनालयातल्या एका जाड पुस्तकावरून शिकलो. दहा-अकरा मिनिटांची फिल्म तयार झाली. ती एक्स्पोर्ट केली तर फाइल पाऊण जीबीहून मोठी झाली, आणि मेलमध्ये जाते फक्त पंचवीस एमबी.

इथे माझी जुनी खोड आडवी आली. छापखान्यात पुस्तकाचा फर्मा सोळा पानांचा असतो. मजकूर सतराव्या पानावर चार ओळी सांडला तर पुढचा सगळा कागद वाया जातो. अशा वेळी मालक माझ्या टेबलाशी येऊन नुसते खाकरायचे. मी इथला एक शब्द, तिथलं एक ‘खरोखर’, कुठे दोन परिच्छेद जोडून ओळ वाचव, असं करत मजकूर सोळा पानांत बसवायचो. लेखकांना कधी पत्ता लागला नाही. अख्ख्या आयुष्यात मला अभिमान वाटावा अशी ती एकच कला होती.

तीच मी दादावर चालवली. आधी चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली. मग सेकंदाला तीस चित्रं होती, ती दहा केली. मग बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती खर्च करायची तो आकडा, खाली खाली आणला. प्रत्येक वेळी फिल्म लावून दादाचा चेहरा तपासला. तो कामात गुंग होऊन स्थिर बसलेला, त्यामुळे चेहरा ठीक येत होता. आवाजाला मात्र हात लावला नाही. ती करकर, ती टकटक जशीच्या तशी राहावी म्हणून आवाज सर्वांत वरच्या दर्जाचा ठेवला. शेवटी फाइल पंचविसाच्या आत बसली. मेल गेला त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होऊन साखरेचा एक जास्तीचा चहा करून प्यायलो.

पत्र आल्यावर मी फिल्म पुन्हा लावली आणि पहिल्यांदाच फक्त हात बघितले. दादा कप ठेवतो, हात वर उचलतो, आणि हातांच्या जागी चौकोनी चौकोनी डाग सरकू लागतात. एका डागातून बोट निघेल असं वाटतं आणि ते दुसऱ्या डागात विरतं. मागून माझा आवाज येतो, “हो, हो, कळलं.” त्या आवाजाला कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं.

मूळ चित्रण कॉम्प्युटरवर होतं. मुद्रितशोधक मूळ हस्तलिखित कधी फेकत नाही. ते उघडून बघणं एवढंच काम होतं, आणि तेच माझ्याच्यानं होईना. मला भीती होती की दादानं मला काहीतरी सोपवलं असेल. वहिनींना अमुक सांग, तमुक कागद अमक्याकडे आहे, मुलीकडे लक्ष ठेव. आणि मी समोर बसून हो म्हटलं असेल, आणि ते काम तसंच पडून राहिलं असेल.

मग मी उत्तरं लिहून बघितली. “दादा म्हणाला, प्रकृतीला जपा.” फाडलं, दादा असं बोलणाऱ्यातला नव्हता. “दादा म्हणाला, तुमच्यामुळे आयुष्य गोड झालं.” हे तर सिनेमातलं. एक उत्तर मात्र फार चांगलं उतरलं, इतकं की वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आणि दुसऱ्या क्षणी मला स्वतःची किळस आली. तेही फाडलं. महिने गेले.

एका रविवारी सकाळी खारू पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. ती दवाखान्यात एक्स-रे काढते, रविवारी घरी असते.

“बाबा, काकूचं पत्र आलं होतं?”

“कुठलं?”

“कुठलं काय! काल काकूकडून ताईचा फोन होता. काकू रोज दारात टपालवाल्याची वाट बघत उभी असते म्हणे. तो बिचारा आता मागच्या गल्लीनं जातो.”

“असेल इथेच कुठेतरी.”

“तुमच्या घरात कागद ‘कुठेतरी’ नसतो, बाबा. लाइटबिलंसुद्धा तुम्ही अनुक्रमणिका करून ठेवता.”

मी उठलो आणि शब्दकोश आणून तिच्यापुढे ठेवला. तिनं पत्र वाचलं. मग हातातला टॉवेल बाजूला ठेवला.

“मग? काय म्हणाले काका?”

“मला माहीत नाही.”

“तुम्ही तर ‘कळलं’ म्हणालात.”

“म्हणालो.”

“कळलं नव्हतं?”

“नाही.”

“तेव्हाच नव्हतं, की कधीच नाही?”

मी खिडकीबाहेर बघितलं. “चहा हवा का, एवढं कळायचं.”

“तेवढं मांजरालाही कळतं,” खारू म्हणाली.

ती कॉम्प्युटरकडे गेली. मीही मागोमाग गेलो, परीक्षेचा निकाल ऐकायला जावं तसा. तिनं पाठवलेली फाइल लावली, थोडी पाहिली, मग एक्स्पोर्टचे आकडे उघडले.

“सेकंदाला दहा चित्रं? बाबा, माणूस बोटांनी बोलतोय! त्याचे निम्मे शब्द मधल्यामध्ये गळून गेले की.”

“चेहरा नीट दिसत होता…”

“चेहरा हलतच नाहीये, तो दिसणारच. जे हललं ते धुऊन निघालं. त्यात ती वेताची जाळी. तेवढ्या बारीक भोकांनीच सगळी जागा खाल्ली, हातांना काय उरणार?” ती पुढे वाकली. “आणि हे काय? आवाजाला एवढं? या फाइलमध्ये निम्म्याहून जास्त नुसता आवाज आहे.”

“करकर फार सुंदर येत होती.”

“कुणाला? काकूला?”

मी खुर्चीवर बसलो. बहिऱ्या माणसाची फिल्म, त्याच्या बहिऱ्या बायकोसाठी, आणि मी त्यातला आवाज जपून बोलणं कापलं होतं. हे माझ्या ध्यानात येऊ नये? आलं नव्हतं खरं. त्या क्षणापर्यंत आलं नव्हतं.

“मी असा एक्स-रे दिला ना, तर मला दवाखान्यातून हाकलतील,” खारू म्हणाली. “बरगडी कुठली आणि सदऱ्याचं बटण कुठलं, कळायचं नाही.”

“मेलमध्ये बसायला हवं होतं.”

“मग मेलनं कशाला? पेन ड्राइव्हवर घालून पाठवायची. मला विचारायचं.”

“तू दमून येतेस.”

“मी दमून येते म्हणून काकूला धूर पाठवलात?”

तिनं माझ्याकडे बघितलं. मूळ चित्रणाचा फोल्डर उघडला आणि शेवटच्या दुपारचा तुकडा लावला.

दादा समोर आला. प्रत्येक बोट वेगळं दिसत होतं, अंगठ्यावरची वेतानं कापल्याची रेघसुद्धा. त्यानं कप खाली ठेवला आणि कानाची पाळी चिमटीत धरली.

“काकू,” खारू म्हणाली. लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या तिनं दादाच्या खोलीत वेताचे तुकडे गोळा करत काढल्या होत्या, तिला त्याचं बरंचसं बोलणं वाचता येतं. “बाबा, ते तुमच्याशी बोलतच नाहीयेत. मोबाइलकडे बघतायत. काकूशी बोलतायत.”

“काय म्हणतोय?”

“‘बघ,’ म्हणतात. ‘बघ, हा…’”

ती थांबली. दादानं मूठ वळून अंगठा आणि करंगळी बाहेर काढली होती, आणि ती मूठ मनगटातून सावकाश वर-खाली केली होती.

“ते काय?”

“काही नाही.”

“खारू.”

“तुमचं नाव आहे ते.”

“चष्मा नाही?”

“नाही, शिंगं आहेत.” ती खाली बघत म्हणाली, “नंदीबैल.”

मी ती मूठ पुन्हा लावायला सांगितली. मूठ वर गेली, खाली आली. मी ती आयुष्यभर बघत आलो होतो. घरात, जेवताना, लग्नाकार्यांत, आईच्या आजारपणात. मला वाटायचं, ‘हो’ची काहीतरी खूण असेल.

“सगळ्यांना माहीत आहे?”

“सगळ्यांना.”

“आईला?”

“आजीलापण होतं, बाबा.”

मी म्हटलं, “वाच पुढे.”

ती अडखळत वाचू लागली. “‘नंदीबैल आलाय. मोबाइल घेऊन आलाय. मी काहीही म्हटलं तरी मान हलवणार. आता गंमत बघ हं.’ मग तुमच्याकडे वळून… ‘तुझ्या डोक्यात भुसा आहे.’”

“हो, हो, कळलं,” कॉम्प्युटरमधला मी म्हणालो.

खारू फस्सकन हसली आणि तिनं तोंडावर हात दाबला. पडद्यावर दादाही हसत होता, खांदे गदगदत होते. मला ते हसणं आठवत होतं. घरी परतताना मी मनाशी म्हटलं होतं, आज दादा किती आनंदात होता.

मग दादा हसायचा थांबला. त्यानं माझ्याकडे, म्हणजे मोबाइलच्या बाजूला मी बसलो होतो तिकडे, नीट बघितलं. पुन्हा ती शिंगांची मूठ केली, पण या वेळी ती हलवली नाही. आणि सावकाश काहीतरी म्हणाला.

“‘माणूस चांगला आहे,’” खारू वाचत होती. “‘याच्याशी बोलायचं…’ पुढचं ‘राहिलं’ असेल किंवा ‘थांबलं’ असेल. नक्की नाही सांगता येत.”

शेवटी दादानं पुन्हा कानाची पाळी धरली आणि भराभर सात-आठ खुणा केल्या. त्याचा चेहरा असा झाला की मला बघायला संकोच वाटला. मग तो उठून चित्राबाहेर गेला आणि रिकामी खुर्ची राहिली.

“हे?”

“हे मला येत नाही. हे त्या दोघांचं आहे.”

कपडे तसेच पडले होते म्हणून ती पलंगाकडे गेली. मी कॉम्प्युटरपुढे एकटा उरलो, आणि कापायची कात्री पडद्यावरच होती. ‘बघ’पासून भुशापर्यंतचा तुकडा मी निवडला. तो निळा झाला. एक कळ दाबली की नंदीबैल जाणार होता, आणि वहिनींना त्यांच्या वाटणीच्या शेवटच्या खुणा स्वच्छ मिळणार होत्या. त्यांनी तेवढंच तर मागितलं होतं. खारूही काही बोलली नसती. जन्मभर मी हेच करत आलो होतो, आणि ज्याचं कापलं त्याला कधी पत्ता लागला नाही.

पण दादाचं बोलणं ‘बघ’पासून सुरू होत होतं. तो वहिनींना हसवायला निघाला होता, आणि हसवून मग त्या शेवटच्या खुणांकडे आला होता. आधीचं कापलं तर त्या खुणा मधूनच उगवल्यासारख्या दिसल्या असत्या. मी निवड सोडून दिली.

चित्राची लांबी-रुंदी मूळ होती तेवढी ठेवली. सेकंदाला तीसच्या तीस चित्रं. बिटरेट इतका वर नेला की खारू येऊन म्हणाली, “बस्स, मूळ चित्रणातच नाही ते आता कुठून आणणार?” आवाज मी बंदच करायला निघालो होतो.

“राहू द्या थोडा,” ती म्हणाली. “ताईला ऐकू येतं.”

“त्यात मी हो-हो म्हणतो.”

“म्हणूनच राहू द्या.”

फाइल एक जीबीच्या पुढे गेली. मी आकडा बघितला आणि जाऊ दिला.

उत्तर लिहायला त्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि झालं ते एवढंच: “वहिनी, उत्तराला फार उशीर झाला. पत्र हरवलं नव्हतं. दादा काय म्हणाला ते मला तेव्हा कळलं नव्हतं, मी कळल्यासारखं दाखवलं. नेहमीच दाखवत आलो. सोबत तीच फिल्म पुन्हा पाठवतो आहे, यात हात दिसतील. सुरुवातीचं माझ्याबद्दल आहे आणि ते खरं आहे. मधली एक खूण खारूला नीट लागली नाही. तुम्हाला लागली आणि सांगावीशी वाटली तर सांगा. शेवटचं आम्ही वाचलेलं नाही. ते तुमचं आहे, मला सांगू नका.” त्याखाली मी लिहिलं होतं, ‘यापुढे तुमच्याकडे आलो की कागद पुढे करणार नाही.’ ते वाक्य पुन्हा वाचलं आणि खोडलं. असं म्हणून मोकळं होणं मला फार सहज जमतं.

पत्र आणि पेन ड्राइव्ह जाड पाकिटात घालून मी दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीत गेलो. रांगेतून दोनदा बाहेर पडावंसं वाटलं. एकदा तर पडलोही, आणि पुन्हा शेवटी येऊन उभा राहिलो. खिडकीमागच्या बाईंनी पाकीट दाबून बघितलं.

“आत काय आहे, आजोबा?”

“फिल्म. माझ्या भावाची.”

“मोडण्यासारखं काही?”

“नाही.”

त्यांनी पाकीट काट्यावर ठेवलं, तिकिटं लावली, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं. मी तिथेच उभा होतो.

“झालं, आजोबा,” त्या म्हणाल्या. “गेलं ते. जरा बाजूला व्हा, मागचे खोळंबलेत.”